रिकाम्या हातांची शिडी



ह्या वेळचं संपादकीय शिडीबद्दल आहे. प्रगतीची शिडी वगैरे नव्हे. दोन उभे बांबू आणि त्यांना आडव्या ठोकलेल्या पट्ट्या, ती शिडी. आमच्या संपादक गटात विषय निघाला तेव्हा एकीनं विचारलंही, "हा आपला विषय आहे का गं? हा इंजिनियर लोकांचा विषय." मलाही दीड-दोन वर्षांपूर्वी तसंच वाटलं असतं. म्हणून आधी काय घडलं ते सांगते.

2025 च्या मार्चमध्ये आमच्या मजूर अड्ड्यावरच्या गटातली एक बाई कामावर पडली. पुण्याच्या कडेला एका दुमजली घराचं बांधकाम चालू होतं. वर विटांचं काम सुरू होतं आणि ती खालून ओल्या मालाचं घमेलं डोक्यावर घेऊन शिडी चढत होती. साधारण दहा फुटांवरून ती खाली आली. कमरेचा एक मणका आणि उजवं मनगट मोडलं. वय चौतीस, म्हणजे माझ्याच बरोबरीची. तिचं नाव इथे देत नाही. अड्ड्यावर सगळ्याजणी तिला आक्का म्हणतात, मीही तेच म्हणते.

संध्याकाळी मी रुग्णालयात पोचले तेव्हा केसपेपरवर लिहिलेलं होतं, 'घरी पडून दुखापत'. घेऊन येणाऱ्यानं जे सांगितलं ते लिहिलं गेलं, आणि घेऊन येणारा मुकादम होता. त्यानं मला बाजूला बोलावून समजावलं, "ताई, शिडी चांगली होती. बाईचं लक्ष नव्हतं. चक्कर आली तिला." आणि पलंगावरून आक्का हळूच म्हणाली, "व्हय ताई, माझंच चुकलं. सांभाळून चढाया पायजे होतं."

ते 'सांभाळून' ऐकलं आणि मी गप्प झाले. कारण तो शब्द तिला मीच दिला होता.

त्याचं असं झालं. त्याआधी तीनेक महिने, डिसेंबर 2024 मध्ये, आम्ही अड्ड्यावर एक बैठक घेतली होती. कामावरची सुरक्षितता असा विषय. एका मोठ्या कंपनीच्या साइटवर सुरक्षेचं काम पाहणारा एक तरुण मुलगा सुट्टीच्या दिवशी आपणहून आला. चांगला मुलगा. चित्रं आणली होती, एक छोटी शिडीही आणली होती. त्यानं जे सांगितलं ते सगळं बरोबर होतं आणि ते आपल्या सगळ्या गटांना ठाऊक असायला हवं, म्हणून इथे लिहिते.

शिडी वर ज्या उंचीवर टेकते तिच्या चौथ्या भागाइतका तिचा पाय भिंतीपासून बाहेर हवा. 12 फुटांवर टेकली तर 3 फूट. त्याला मोजपट्टी लागत नाही. शिडीच्या पायाला आपल्या पायाची बोटं लावून ताठ उभं राहायचं, हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे करायचे, तळवे पायरीवर टेकले की उतार बरोबर. पाय भिंतीच्या फार जवळ असला तर चढणारी मागे फेकली जाते, फार लांब असला तर शिडीच खालून घसरते. ज्या स्लॅबवर उतरायचं त्याच्या कडेपेक्षा शिडी तीन फूट तरी वर गेलेली हवी, म्हणजे तिथे पाऊल टाकताना आणि परत शिडीवर येताना धरायला काही राहतं. वरचं टोक बांधलेलं हवं, आणि ते बांधून होईपर्यंत खाली कुणीतरी धरून उभं राहायला हवं. लाकडी किंवा बांबूच्या शिडीला रंग द्यायचा नाही, रंगाखाली चीर दिसत नाही. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची शिडी विजेच्या तारांजवळ न्यायची नाही. कडेला वाकून हात लांबवायचा नाही. आपलं पोट शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या मध्येच राहायला हवं, बाहेर जाऊ लागलं की खाली उतरून शिडी सरकवायची. चढताना तोंड शिडीकडे आणि उतरतानाही शिडीकडेच. आणि शेवटचं, त्याच्या मते सगळ्यांत महत्त्वाचं: दोन पाय आणि एक हात, नाहीतर दोन हात आणि एक पाय, असे तीन अवयव कायम शिडीवर टेकलेले.

इथे मागच्या रांगेतल्या एका मावशींनी विचारलं, "सायेब, मग घमेलं कशानं धरायचं?"

सगळ्याजणी हसल्या. तोही हसला. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "घमेलं घेऊन शिडी चढायचीच नसते, मावशी. आमच्या साइटवर माल हॉइस्टनं वर जातो."

"आमच्या सायटीवर आमच्यानंच जातोय की," मावशी म्हणाल्या. पुन्हा हशा.

आणि मी काय केलं? बैठक वेळेत संपवायची होती, चहा आला होता. मी उठून म्हटलं, "बरं तर, सगळ्यांनी सांभाळून काम करायचं." समाजकार्याची पदवी घेताना गटाशी संवाद कसा साधावा ह्यावर आम्हांला एक अख्खा पेपर होता. त्या दिवशी समोर अतिशय नेमका प्रश्न आला होता आणि मी तो चहाबरोबर संपवला.

आक्का त्याच बैठकीत पहिल्या रांगेत बसली होती.

आता त्या प्रश्नाकडे नीट पाहू. शिडीचे हे सगळे नियम रिकाम्या हातांनी चढणाऱ्या माणसासाठी केलेले आहेत. गवंडी एकदा वर जातो, दुपारी जेवायला उतरतो. त्याचे हात चढताना बहुधा मोकळे असतात, थापी नि ओळंबा कुणीतरी वर पोचवतं. बिगारी बाई दिवसभर वर-खाली करते, आणि ती वर जाते तेच मुळी काहीतरी वाहून न्यायला. ओल्या मालाचं भरलेलं घमेलं वीसेक किलोच्या घरात जातं. ते डोक्यावर असलं की मान ताठ ठेवावी लागते, म्हणजे पायाखालची पायरी दिसत नाही. एक हात घमेल्याला. पाऊल उचललं की शिडीवर उरतो एक हात आणि एक पाय. साडीचा घोळ वर खोचला तरी चढताना सुटतो. पायात रबरी चपला. चूक व्हायला ह्यापेक्षा जास्त काही लागत नाही. दहा फुटांवरून जमिनीवर यायला पाऊण सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो आणि आपटताना वेग ताशी 27-28 किलोमीटर असतो. एवढ्या वेळात बाईनं सांभाळायचं म्हणजे काय करायचं?

'सांभाळून' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. रात्री उशिरा निघालो की सांभाळून जा. नवरा चिडका आहे, सांभाळून घे. बलात्काराच्या बातमीनंतर कपडे सांभाळ, वेळ सांभाळ. ह्या शब्दातली चलाखी आपण ओळखली: जे घडतं त्याची जबाबदारी तो जिच्यावर घडतं तिच्याच पदरात टाकतो. ह्यावर आपण शिबिरं घेतली, पथनाट्यं केली. आणि तोच शब्द बांधकामावर आला तेव्हा मला तो साधा काळजीचा वाटला.

मुकादमाचं दुसरं म्हणणं होतं चक्कर. त्याला मी खोटं म्हणणार नाही. आक्काला खरंच गरगरलं होतं, तिनंच नंतर सांगितलं. पण का गरगरलं? पहाटे साडेचारला उठून स्वयंपाक, मुलांचे डबे, सात वाजता अड्डा. पोटात चहा आणि अर्धी भाकरी. मार्चचं ऊन. आणि सकाळपासून पाणी नाही, कारण साइटवर संडास नाही. पुरुष भिंतीआड जातात, बाया संध्याकाळपर्यंत थांबतात, आणि थांबता यावं म्हणून पाणीच पीत नाहीत. ही गोष्ट अड्ड्यावरच्या प्रत्येकीला माहीत आहे आणि एकाही ठेकेदाराला माहीत नसते. त्यात अंगात रक्त कमी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक, 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणून मी म्हणते की उंचीवरच्या सुरक्षिततेच्या यादीत पहिली वस्तू संडास लिहा. हेल्मेट, पट्टा वगैरे मग.

हेल्मेटचंही एकदा बोलायला हवं. अपघातानंतर घरमालकानं घाईनं चार पिवळी हेल्मेटं आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी बायांनी ती घातली नाहीत म्हणून मुकादम आमच्याकडे तक्रार घेऊन आला. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं. हेल्मेट ठेवायचं कुठे? ज्यानं ही वस्तू केली त्याच्या डोळ्यांपुढे डोक्यावर ओझं वाहणारं माणूस नव्हतंच. कमरेच्या-खांद्याच्या पट्ट्याचंही तसंच. साडीवरून मांड्यांचे पट्टे नीट बसत नाहीत हा एक भाग. पण पट्टा कशाला तरी अडकवावा लागतो. काथ्यानं बांधलेल्या डळमळीत बांबूला अडकवला तर माणसाबरोबर बांबूही खाली येतो. शिवाय पट्ट्याची दोरी साधारण सहा फुटांची. दहा फुटांवरून पडणारी बाई ती दोरी ताणली जाऊन अडकेपर्यंत जमिनीला टेकलेली असते. उंच इमारतींवर पट्ट्यानं जीव वाचतात हे खरंच. पण छोट्या घराच्या बांधकामावर फोटोपुरता पट्टा घालून काही साधत नाही.

मग काय साधतं? त्या मुलानं हसत हसत दिलेलं उत्तरच खरं आहे. माल दोरीनं जावा, माणूस शिडीनं. वर पक्क्या आडव्या तुळईला कप्पी, दोरखंड, आकड्याला घट्ट अडकणारी बादली, आणि बादली वर जात असताना खाली कुणी उभं राहायचं नाही. ह्या सामानाची किंमत काही दिवसांच्या हजेरीएवढी होईल. एक-दोन मजल्यांना आडव्या पट्ट्या ठोकलेला, कडेला कठडा असलेला लाकडी उतार करता येतो. त्यावरून घमेलं घेऊन चालत जाता येतं, समोरचं दिसतं, तोल गेला तर कठडा हाताशी असतो. हे काही नवीन शोध नाहीत. अड्ड्यावरच्या म्हाताऱ्या गवंड्यांना सगळं ठाऊक आहे. तरी केलं जात नाही, कारण बाई आहे ना वाहायला. कप्पी बसवायला अर्धा दिवस जातो, बाई पहिल्या मिनिटापासून चालू होते.

इथवर लिहून थांबले असते तर संपादकीय सोपं झालं असतं. पण कप्पीची मागणी घेऊन आम्ही अड्ड्यावर गेलो तेव्हा बायांनीच विरोध केला. "कप्पी आली की आमची हजेरी गेली. दोरी ओढाया गडी घेत्यात." आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. स्लॅब टाकायच्या दिवशी पूर्वी वीस-तीस बाया रांगेनं घमेली देत असत. तयार काँक्रीटच्या गाड्या आणि पंप आले तसं मोठ्या साइटवरचं ते काम गेलं. यंत्र चालवायला बाईला कुणी उभं केलं नाही. जे काम धोक्याचं आणि कमी पैशाचं, तेवढंच तिच्या वाट्याला येतं, आणि त्यातला धोका काढायला गेलं की कामच काढून घेतलं जातं. ह्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच कळलं की कप्पीची मागणी एकटी करायची नाही. कप्पी आणि ती चालवायला बाईच, ही एक मागणी. गवंडीकाम शिकवण्याची दुसरी. आमच्या गटातल्या दोघी प्लास्टर शिकल्या आहेत. त्यांना अजून कुणी मिस्त्रीचा दर देत नाही. पण घमेलं त्या आता उचलत नाहीत.

कायद्याचं थोडक्यात. बांधकाम कामगारांसाठी 1996 मध्ये केंद्रीय कायदा झाला, 1998 मध्ये केंद्राचे आणि 2007 मध्ये महाराष्ट्राचे नियम आले, 2011 मध्ये राज्याचं कल्याणकारी मंडळ स्थापन झालं. केंद्राच्या नियमांत प्रौढ स्त्रीनं एकटीनं वाहायच्या ओझ्याला 30 किलोची मर्यादा होती. ते ओझं घेऊन किती उंच, किती वेळा जायचं हे आकड्यात कसं यावं? 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि 1996 चा कायदा त्यांत सामावला गेला. एक बदल आपण लक्षात ठेवायला हवा. स्वतःला राहायला घर बांधणाऱ्याचं काम 1996 च्या कायद्यात 10 लाखांपर्यंत वगळलेलं होतं, आता ती मर्यादा 50 लाख आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेलं बांधकामही सुरक्षेच्या संहितेतून बाहेर आहे. म्हणजे जिथे हॉइस्ट आहे, सुरक्षा अधिकारी आहे, तिथे कायदा आहे. आणि जिथे शिडी, घमेलं आणि आक्का आहे, त्यांतली कितीतरी बांधकामं कायद्याच्या बाहेर. 'हे कसलं संरक्षण?' असं आपण लेखी विचारायला हवं.

नुकसानभरपाईचं मात्र निराळं आहे, आणि इथे आपल्या कार्यकर्त्यांनी हार मानायची नाही. आक्काचा अपघात झाला तेव्हा 1923 चा भरपाईचा कायदा लागू होता. त्यात मालकाला सुटका मिळण्याची कारणं मोजकी आहेत: कामगार नशेत होता, त्यानं सुरक्षेचा हुकूम मुद्दाम मोडला, किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकलं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर ह्या सबबीही चालत नाहीत. 'लक्ष नव्हतं' हे त्या यादीत नाही. बाई चुकली असं धरून चाललं तरी तिचा हक्क जात नाही. हे मी आक्काला सांगितलं तेव्हा तिनं ते दोनदा विचारून घेतलं. ठेकेदार फोन बंद करून बसला तरी ज्याचं काम चाललं होतं त्या मूळ मालकाकडे मागून पाहता येतं. पण त्यासाठी ती कामावर पडली हे कागदावर हवं. म्हणून केसपेपर. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना भेटून, आक्काचा जबाब देऊन, आम्ही 'बांधकामावर शिडीवरून पडून' असं नोंदवून घेतलं आणि पोलीस चौकीत अर्ज दिला. एक रात्र उशीर झाला होता, आणि मालकाचा वकील आज त्या पहिल्या ओळीवरच उभा आहे. दावा दाखल आहे, तारखा चालू आहेत. आपल्यापैकी जी कुणी पहिली पोचेल तिनं आधी केसपेपर वाचावा. साइटचे, शिडीचे फोटो त्याच दिवशी काढावेत, दुसऱ्या दिवशी तिथे नवी शिडी असते. आणि त्याआधीचं: पडलेल्या बाईला हात-पाय धरून उचलू नका, उठवून बसवू नका, 108 ला फोन करा. आक्काला टेम्पोत बसवून आणलं होतं.

मंडळाकडे तिची नोंदणी नव्हती. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि रोज नव्या माणसाच्या हाताखाली काम करणाऱ्या बाईला तो कोण देणार, हा निराळ्या लेखाचा विषय आहे.

जाता जाता आपल्या घराकडेही बघा. दिवाळीच्या आधी माळा काढताना टेबलावर स्टूल ठेवून कोण चढतं? सोसायटीतल्या चौथ्या मजल्यावर खिडकीच्या कट्ट्यावर उभी राहून बाहेरची काच पुसायला आपण कुणाला सांगतो, आणि सांगताना कोणता शब्द वापरतो? मागच्या 8 मार्चला आमच्याच कार्यालयात मी खुर्चीवर खुर्ची ठेवून बॅनर बांधला. आक्का खाली पट्टा लावून बसली होती. ती म्हणाली, "ताई, उतरा आधी. शिडी आणा." आणली.

अड्ड्यावर सध्या एवढंच ठरलं आहे की घमेलं घेऊन शिडी चढायची नाही. उतार करून द्या, नाहीतर कप्पी लावा आणि दोरीवर आमची बाई ठेवा. दोन ठेकेदारांनी उतार करून दिले. तिसऱ्यानं दुसऱ्या अड्ड्यावरून बाया नेल्या, आणि त्या दिवशी आमच्या सातजणींचा खाडा झाला. पुढच्या आठवड्यात त्या दुसऱ्या अड्ड्यावर आमच्या दोघी-तिघी बोलायला जाणार आहेत.

तुमच्या गावात, तुमच्या अड्ड्यावर माल वर कसा जातो? कप्पी असेल तर दोरी कोण ओढतं, आणि त्याची हजेरी किती? बाया त्यावर काय म्हणतात? आम्हांला कळवा. चार ओळी चालतील. मजुरीचे दर कळवणार असाल तर बाईचा आणि गड्याचा वेगवेगळा लिहा.